टोकाला बंद असलेली नळी

माझे बाबा काच फुंकतात. कुर्ल्याला त्यांचा लहानसा गाळा आहे. प्रयोगशाळांना लागणारे कंडेन्सर, स्टॉपकॉक, वाकड्या मानेचे फ्लास्क ते तिथे बनवतात. बोरोसिलिकेटची नळी ते ज्योतीत सतत फिरवत ठेवतात, आणि ती कुठल्या क्षणी मऊ पडणार हे हाताला कळतं म्हणतात. ही काच साधारण 820 अंशांना मऊ होते, पण ज्योत त्याहून कितीतरी गरम लागते. मी पहिलीत असताना गाळ्यात त्यांचा जांभळट चष्मा लावून बसायचे. त्या चष्म्यातून ज्योतीचा पिवळा झगझगाट नाहीसा होतो आणि आतली काच स्वच्छ दिसते. काच म्हणजे आग, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलेलं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवायला बसले, तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुझे वडील काचेचं काम करतात ना? मग स्पंजांच्या कंटिका कर." कंटिका म्हणजे स्पंजाच्या अंगातल्या सुया, त्याचा सांगाडा. बहुतेक स्पंजांमध्ये त्या सिलिकेच्या असतात, म्हणजे काचेच्याच जातीच्या, आणि स्पंज त्या समुद्राच्या पाण्यात, पाण्याच्याच तापमानाला बनवतो. हे पुस्तकात मी आधी वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण बाबांच्या गाळ्यातली ज्योत आणि हे वाक्य मी तोवर कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना करी रोडच्या जिन्यावर अचानक ते जाणवलं. त्यानंतरचे सहा महिने मला दुसरं काही सुचलं नाही.

ओहोटी

डिसेंबरातली अमावास्या धरून बांद्र्याच्या बँडस्टँडला जायचं ठरलं. आमचे आजोबा गुहागरचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवलेलं. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, त्यामुळे पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, गेलं तर काही दिसत नाही. आम्ही तिघी साडेसहालाच पोचलो. उजाडायचं होतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर काय असणार, असं मलाही वाटायचं. प्लास्टिक होतं, निर्माल्य होतं, वासही होता. पण काळ्या खडकांच्या पोटाखाली, जिथे ऊन पोचत नाही अशा ओल्या सावलीत, टॉर्च मारला की रंगच रंग. केशरी पापुद्रे, राखाडी-जांभळे थर, गंधकासारखा पिवळा एक डाग. त्या पापुद्र्यांवर ज्वालामुखीच्या तोंडांसारखी लहान लहान भोकं होती. स्पंज अंगावरच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढतो, त्यातले जिवाणू गाळून खातो आणि अशा मोठ्या भोकांतून पाणी बाहेर सोडतो. त्याला हलता येत नाही, तोंड नाही, पोट नाही. आहे ते सगळं पाण्याच्या येण्याजाण्यावर उभं आहे, आणि तो पाण्याचा मार्ग उघडा ठेवायला आतून आधार लागतो. तो आधार म्हणजे या सुया.

खडकावरचा जिवंत स्पंज खरवडायचा नाही, हे मॅडमनी निघतानाच बजावलं होतं. चुनखडीच्या कंटिकांचे स्पंज तर कायद्यानेच संरक्षित आहेत. आम्ही लाटांनी सुटून डबक्यात येऊन पडलेला एक केशरी तुकडा घेतला, अंगठ्याच्या नखाएवढा. बोटाने दाबला तर ओल्या फेल्टसारखा लागला. नंतर रिक्षात बसल्यावर बोटाची टोकं चुरचुरायला लागली. डोळ्यांना न दिसणारी काच घुसली होती. बाबांच्या बोटांनाही असंच होतं, फक्त त्यांच्या कुसळ्या दिसतात तरी.

ब्लीच, धुणं, धुणं, धुणं

तुकड्याचा एक कण परीक्षानळीत घेऊन त्यावर ब्लीच घालायचं. रात्रभरात मांस विरघळतं आणि तळाशी पांढरट गाळ उरतो. तो गाळ म्हणजे कंटिका. चुनखडीच्या नाहीत ना, हे पाहायला गाळाचा थोडा भाग वेगळा धुऊन त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडायचा. बुडबुडे आले तर चुना, नाही आले तर सिलिका. हा थेंब ब्लीच असलेल्या नळीत चुकूनही पडू द्यायचा नाही, कारण आम्लाने ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो. माझ्या थेंबाला एकही बुडबुडा आला नाही.

खरं काम त्यापुढे आहे आणि ते कंटाळवाणं आहे. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद काढायचं, नवं डिस्टिल्ड पाणी घालायचं, पुन्हा बसू द्यायचं. असं पाच-सहा वेळा. मग अल्कोहोल, मग काचपट्टीवर थेंब, वाळवणं, बाल्सम, वर कव्हरस्लिप. पहिल्या वेळी मी तीनदाच धुतलं. पट्टीवर मिठाचे चौकोनी स्फटिक एवढे पसरले की सुया त्यांत हरवून गेल्या. दुसऱ्या वेळी सुया मिळाल्या, पण त्यांच्यात डायटमची कवचं मिसळलेली. डायटम म्हणजे समुद्रातली एकपेशीय शैवालं, तीही सिलिकेचंच कवच करतात, त्यामुळे ब्लीच त्यांना काही करत नाही. काचेतून काच निवडायची होती.

तिसऱ्या वेळचा प्रसंग मला आजही खुपतो. सुयांच्या गर्दीत मला एक तारा दिसला, बारा-तेरा किरणांचा, अप्रतिम. तारकाकृती लहान कंटिका काही स्पंज गटांची खूण असते, आणि माझ्या नमुन्यात ती सापडणं म्हणजे ओळखीची किल्ली मिळण्यासारखं होतं. मी मॅडमना बोलावलं, फोटो काढले, अहवालात एक परिच्छेद लिहिला. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी वापरलेला ड्रॉपर आदल्या आठवड्यात दुसऱ्याच स्पंजासाठी वापरला होता. कंटिका काचेच्या नळीला आतून चिकटून राहतात, साध्या धुण्याने जात नाहीत. तो तारा माझ्या स्पंजाचा नव्हताच. परिच्छेद खोडला. तेव्हापासून दर नमुन्याला नवा ड्रॉपर, नवी नळी. मला वाटतं हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या ओळीत छापायला हवं.

चौथी पट्टी मात्र स्वच्छ निघाली. केशरी स्पंजाच्या सुया टाचणीसारख्या होत्या, एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला गोल डोकं. शेकडो टाचण्या, सगळ्या एकाच मापाच्या साच्यातून काढल्यासारख्या. आणि काहींच्या मधोमध, लांबीभर, एक काळी बारीक रेघ.

बाबांनी काय पाहिलं

कॉलेजचा जुना विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक मी परवानगी काढून घरी आणला होता. रविवारी बाबांना पट्टी दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. फोकसचं चाक हळूहळू पुढे-मागे करत राहिले, जसे ते ज्योतीत नळी फिरवतात तसे.

"ही रेघ म्हणजे भोक आहे," ते म्हणाले. "आत हवा अडकलीय म्हणून काळी दिसते. थर्मामीटरची नळी असते ना, तशी."

"हो बाबा, त्याला अक्षनाल म्हणतात."

"पण ही ओढलेली नळी नाही."

"ते कसं कळलं तुम्हाला?"

"अगं, जाड नळी तापवून ओढली की आतलं भोकही बारीक होत शेवटपर्यंत जातं. तोडशील तिथे उघडंच मिळणार. इथे टोक बघ. भोक आधीच संपतं आणि पुढे भरीव काच आहे. म्हणजे आधी आत काहीतरी होतं आणि त्याच्यावर बाहेरून काच चढवलीय. मेणबत्त्या करतात तशी. वातीवर थर, थरावर थर."

मी त्यांना सिलिकेटीनबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. आठवी शिकलेल्या माझ्या वडिलांनी पाच मिनिटांत भोकाच्या टोकावरून जे ओळखलं, ती वात कशाची आहे हे कळायला विज्ञानाला 1998 साल उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला डॅनियल मोर्स यांच्या गटाने टेथिया नावाचा स्पंज घेतला. त्याच्या कोरड्या वजनाचा 75 टक्के भाग कंटिकांचाच असतो. त्यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिका विरघळवली आणि आतला धागा तेवढा उरवला. तो धागा प्रथिनाचा निघाला. त्याला त्यांनी सिलिकेटीन नाव दिलं. (हे आम्ल हाडापर्यंत पोचतं, ते कॉलेजात वापरायची परवानगी मिळत नाही आणि मिळूही नये. त्यामुळे मी नाल पाहिला, धागा पाहिला नाही.)

या प्रथिनाची घडण मला सगळ्यात जास्त चकित करते. ते कॅथेप्सिन एल या एन्झाइमचं नात्यातलं आहे, आणि कॅथेप्सिन तुमच्या-माझ्या पेशींतही आहे. तिथे त्याचं काम प्रथिनं तोडण्याचं. स्पंजात त्याच घराण्यातल्या प्रथिनाच्या कामाच्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल बसलं, आणि ते सिलिका जोडायला लागलं. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, त्याच गटाने दाखवलं की वेगळे काढलेले हे धागे परीक्षानळीतही, ना आम्ल ना अल्कली अशा पाण्यात, खोलीच्या तापमानाला सिलिका घडवतात. म्हणजे धागा साचाही आहे आणि कारागीरही.

बाबांचा पुढचा प्रश्न होता, "आणि ताण? ताण कसा काढतात?" फुंकलेली काच तशीच थंड होऊ दिली तर तिच्यात ताण राहतो आणि ती कधीतरी आपोआप तडकते. म्हणून ती पुन्हा साडेपाचशे-पाचशेसाठ अंशांपर्यंत तापवून हळूहळू निववावी लागते. मी म्हटलं, ही कधी तापलेलीच नाही, मग तो ताण येणार कुठून? ते खूप वेळ गप्प राहिले. मग मी त्यांना खोल समुद्रातल्या काचस्पंजांबद्दल सांगितलं. त्यांच्या कंटिकांत सिलिकेच्या थरांमध्ये सेंद्रिय द्रव्याचे अतिपातळ पापुद्रे असतात आणि चीर गेली तर ती पापुद्र्यापाशी अडते. मोनोऱ्हाफिस नावाच्या काचस्पंजाची तळाची एकच कंटिका 3 मीटरपर्यंत लांब आणि करंगळीएवढी जाड होते. वीनसची फुलपरडी म्हणतात त्या स्पंजाच्या कंटिकांतून प्रकाश ऑप्टिकल फायबरसारखा वाहतो, हे 2003 साली दाखवलं गेलं. 3 मीटर ऐकल्यावर बाबांनी आमच्या खोलीची लांबी नजरेने मोजली. चाळीतली खोली आमची, साधारण तेवढीच भरेल.

एक गोष्ट मात्र त्यांना समजावताना मलाही नीट समजली. समुद्राच्या पाण्यातून काच खाली बसायला ते पाणी सिलिकेने तुडुंब भरलेलं असायला हवं. प्रत्यक्षात एक लिटर पाणी या जातीची सिलिका शंभर मिलिग्रॅमच्या वर सहज विरघळवून घेऊ शकतं, आणि बहुतेक समुद्राच्या वरच्या थरात ती लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. डायटम तिचा फडशा पाडत असतात. म्हणजे पाणी काच द्यायला नाही, उलट खायला बसलेलं असतं. स्पंजाची पेशी अशा पाण्यातून सिलिसिक आम्ल, म्हणजे पाण्यात विरघळलेली सिलिका, कण कण ओढून घेते, एका पटलाच्या पिशवीत साठवत दाट करते, आणि त्या पिशवीत धाग्यावर ते चढवते. 1999 सालच्या एका प्रयोगात भूमध्य समुद्रातल्या क्रॅम्बे या स्पंजाला भरपूर सिलिसिक आम्लाच्या पाण्यात वाढवलं, तर त्याने आजच्या समुद्रात तो कधी करत नाही अशा प्रकारच्या कंटिका केल्या. कृती अंगात शिल्लक होती, माल मिळत नव्हता. बाबांना हे लगेच पटलं. चांगली नळी बाजारात नसली की तेही कंडेन्सर सोडून साध्या कांड्या करून देतात.

बावखलातली काडी

आता मला सुई बनताना पाहायची होती. पण समुद्री स्पंज घरात जगवणं मला जमण्यातलं नव्हतं. उपाय मुंबईच्याच इतिहासात सापडला. हेन्री जॉन कार्टर हे मुंबईच्या लष्करातले डॉक्टर. त्यांनी 1849 साली मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर सविस्तर निबंध लिहिला. इथल्या तलावांतला एक स्पंज पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या बेटावरची किती तळी नंतर बुजली! धोबीतलाव आणि गोवालिया टँक आता बसच्या पाटीवर आणि पत्त्यातच उरलेत. पण वसईत अजून बावखलं आहेत, वाडीच्या शिंपण्यासाठी राखलेली गोड्या पाण्याची डबकी, आणि माझी एक मैत्रीण वसईची.

मेमध्ये बावखलाचं पाणी उतरलं तेव्हा तिने एक बुडालेली काडी आणून दिली. काडीवर वाळलेला करडा पापुद्रा आणि त्यात खसखशीएवढे पिवळट गोळे. हे जेम्यूल. पाणी आटतं तेव्हा स्पंज मरतो, पण या गोळ्यांत आपल्या पेशी बंद करून ठेवतो, पाणी आलं की त्या पुन्हा स्पंज उभारतात. मी ते सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतले आणि पेट्रीडिशमध्ये कव्हरस्लिपवर ठेवले. पहिली सगळी डिश मेली, कारण मी नळाचं पाणी वापरलं होतं आणि त्यात क्लोरीन असतो. दुसऱ्यांदा बाटलीबंद मिनरल वॉटर घेतलं. विहिरी-नद्यांच्या पाण्यात सिलिका समुद्रापेक्षा कितीतरी पट जास्त असते, आपल्याकडे तर सह्याद्रीचा काळा दगडच झिजून ती देत असतो.

चौथ्या दिवशी एका गोळ्यातून पारदर्शक साय बाहेर सांडली आणि काचेला चिकटली. सहाव्या दिवशी रात्री दहा वाजता, 40 च्या भिंगाखाली, मला एक पेशी दिसली जिच्या दोन्ही बाजूंनी टोकं निघाली होती. पेशीच्या पोटात आडवी, केसाहून कितीतरी बारीक, चकाकणारी रेघ. सुई पेशीपेक्षा लांब होत होती आणि पेशी तिच्याबरोबर ताणली जात होती.

भिंगातल्या मोजपट्टीवर 22 भाग. माझ्या मोजपट्टीचा एक भाग म्हणजे अडीच मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी वहीत लिहिलं. बारा वाजता 26. दोन वाजता 30. आई झोपलेली, पंखा बंद, कारण वाऱ्याने डिशमधलं पाणी थरथरतं. दिव्याने पाणी तापू नये म्हणून मोजायच्या वेळेपुरता दिवा लावायचा, एरवी अंधार. चार वाजता 34. सहा तासांत 30 मायक्रॉन. एका तासात पाच.

साडेचारला बाबा उठले, आमच्याकडे पाणी पाचला येतं. मी त्यांना काही न बोलता जागा करून दिली. त्यांनी पाहिलं.

"हात दिसत नाहीत," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"करणाऱ्याचे. फिरवायलाच लागत नाही त्याला."

मग पाणी आलं आणि ते बादल्या लावायला गेले.

त्या सुईचा पुढचा प्रवास मी दोन रात्री पाहिला. क्योतोतल्या नोरिको फुनायामा यांच्या गटाने 2015 साली दाखवलं होतं की गोड्या पाण्याच्या स्पंजात तयार सुई दुसऱ्या पेशी उचलून नेतात, स्पंजाच्या छताला टेकवून उभी करतात आणि तळाशी कोलॅजेनने पक्की करतात. मांडव घालताना बांबू उभा करतात तसं. ने-आण माझ्या मोजणीच्या मध्ये कधीतरी झाली, मला दिसल्या त्या फक्त वेगवेगळ्या जागा. पहिल्या रात्री सुई डावीकडे होती, सकाळी कडेला. तिसऱ्या रात्री ती आडवी नव्हती. तिचं एक टोक फोकसमध्ये येई आणि दुसरं धूसर होई, आणि चाक फिरवलं की उलट. तिच्या टोकावर स्पंजाची पारदर्शक साय तंबूसारखी उचलली गेली होती आणि त्या पोकळीत पाण्यातले कण गोल फिरत होते.

बाबा शेजारी बसले होते. मी वही त्यांच्याकडे दिली आणि भिंगातून बघत राहिले. उभी सुई मोजपट्टीवर मोजता येत नाही, म्हणून फोकसच्या चाकावरच्या खुणा मोजायच्या होत्या, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत. चाक फिरवताना माझा हात कापत होता. बाबांनी वही खाली ठेवली, मला बाजूला सरकवलं आणि स्वतः चाक धरलं. त्यांचा हात अजिबात हलत नाही. त्यांनी तळ गाठला, मग हळूच वर आले, टोकावर थांबले.

"लिही," ते म्हणाले. "एकोणचाळीस."